घोटीव शांती

भावलेखमापकाच्या पडद्यावर निरंजनची रेघ उमटली. खाली निकाल आला : तीव्र राग. सुटका नाही.

"सलग सातवा महिना," रागनियंत्रण केंद्राचे प्रमुख डॉ. कोलारकर म्हणाले. "पेन्सिलीची रेघ खोटं बोलत नाही, शर्वरीताई. यंत्र हाताचा दाब आणि कंप मोजतं. शिकलंय तेही तुमच्याच नऊशे चित्रांवरून."

"मला न विचारता."

"प्रदर्शनातली चित्रं ती. खाली नावंही होती, 'राग', 'शांती'. आमचं काम सोपं झालं."

शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काचेपलीकडे तिचा धाकटा भाऊ निरंजन चाचणीच्या टेबलाशी बसला होता. कचेरीत एकदा साहेबांवर ओरडला, एवढाच त्याचा गुन्हा.

"नावं चित्रातल्या चेहऱ्यांची होती, डॉक्टर. माझ्या हाताची नव्हेत."

"म्हणजे?"

"रंगीत पेन्सिलीत मेण असतं. दाबली की कागदाचे दाणे बुजतात, मग वर दुसरा थर बसत नाही. रागाच्या चेहऱ्याला पस्तीस थर लागतात. तो मी मन निवांत असेल तेव्हाच काढते, हलक्या हातानं."

"आणि शांती?"

"तिला चकाकी हवी, म्हणून ती दाबून घोटावी लागते. डोकं फिरलेलं असतं त्या दिवशी मी तेच काम काढते."

कोलारकरांनी चष्मा काढला. "म्हणजे यंत्राच्या लेखी..."

"शांत हात रागीट, रागीट हात शांत! माझा भाऊ शांत आहे म्हणून तुम्ही त्याला कोंडलंय!"

"हे समितीपुढे सिद्ध करावं लागेल. वर्ष जाईल. तोवर नियमानं निकाल यंत्राचाच."

तिने दार ढकललं. "निरू, आणखी एक वर्ष म्हणतायत."

"वर्ष?" सात महिन्यांत पहिल्यांदाच निरंजनचा आवाज चढला. "ताई, मी यांचं काय घोडं मारलंय?" समोरच्या चाचणीपत्रावर त्याने पेन्सिल अशी रेटली की टोक मोडलं, कागद फाटला.

पडद्यावर अक्षरं आली : पूर्ण शांत. तत्काळ सुटका.

"अशा अवस्थेत सोडायचं याला?" कोलारकर पुटपुटले.

"तुमचाच नियम." शर्वरीने भावाचा हात धरला. "यंत्राने आणखी कोणाकोणाला शांत ठरवलंय, तेही बघा एकदा."

कोलारकरांची नजर दारातल्या दोन पहारेकऱ्यांवर गेली. दीडशे उमेदवारांतून याच चाचणीने त्यांना निवडलं होतं, सर्वांत शांत म्हणून.