टाकीवर उगवलेली वेल

“उद्यापासून तुझी एक शेळी जरी बांधावर दिसली, तर कोंडवाड्यात घालीन!” शेषराव पाटील इनायतचाचांवर कडाडले.

कुरुंद्याच्या शिवारात सगळे शेतकरी जमले होते. हळदीत कुठली तरी अनोळखी, जांभळ्या देठाची वेल उगवली होती आणि पानांना करकचून विळखे घालत होती. दोनदा उपटली, तरी पुन्हा हजर!

“पर माझ्या शेळ्यांनी काय केलं, पाटील?”

“त्यांच्या लेंड्यांतून बी पडून राहिलं! दुसरं काय?”

शिवकन्येचे बाबा, भागवत, यांनीही मान डोलावली. सातवीतल्या शिवकन्येला ते मुळीच आवडलं नाही. चाचांचा नातू मुबश्शीर तिच्याच वर्गातला. तो मुठी आवळून उभा होता.

“रडू नको. आपण शोधू बी कुठून येतं ते,” ती म्हणाली.

“मी रडत न्हाई! मला राग आलाय!”

दिवाळीच्या सुट्टीला हिंगोलीहून आलेला तिचा मावसभाऊ रुद्रही निघाला. विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाकीवर चढून तो ओरडला, “अरे, इथं पण तीच वेल!”

“टाकीवर? मग शेळ्या शिडी लावून चढल्या व्हय?” मुबश्शीर म्हणाला.

भेगेत इवलंसं रोप होतं. त्याच्या शेंड्याला बियाचं काळं टरफल चिकटलेलं, शेजारी बी उडवून नेणारी पांढरी, कापसासारखी म्हातारी अडकलेली. तशाच म्हाताऱ्या पुढच्या बाभळीच्या काट्यांवर होत्या, त्यापुढच्या तारेवरही! वारा जिकडून येत होता तिकडे तिघं चालत गेले आणि थेट पाटलांच्या बंगल्याच्या भिंतीशी पोचले. भिंतीवर तीच वेल पसरली होती, जांभळ्या फुलांनी भरलेली. वाळलेल्या शेंगा फुटून म्हाताऱ्या उडत होत्या. भिंतीबाहेर पडलेली एक शेंग मुबश्शीरनं बाटलीत घालून बूच लावलं.

“काय पाहून राहिले रे? निघा, न्हाई तर कुत्रं सोडीन!” वरून पाटील गरजले.

तिघं धावत घरी आले. पण बाबा ऐकायलाच तयार नव्हते. “पाटलांचं नाव घेशील तर याद राख!”

“मग पाटलांच्याच तोंडून वदवू,” शिवकन्या मुबश्शीरच्या कानात पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी कृषी सहायक पुनम मॅडम हळद पाहायला आल्या. गावकरी, पाटील, सगळेच बरोबर होते. बंगल्यापाशी येताच शिवकन्या मोठ्यांदा म्हणाली, “मॅडम, पाटलांची वेल किती सुंदर! हिंगोलीच्या नर्सरीतली असेल, नाही?”

“नर्सरीतली?” पाटलांना ते झोंबलं. “पोरी, परदेशातली हाय ही! मागच्या वर्षी व्हिएतनामला गेलतो, तिथल्या बागेतून मी सोता बी तोडलं. मोज्यात लपवून आणलं! विमानतळावर कोणाला पत्ता न्हाई लागला!”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पाटील मात्र अजून हसतच होते.

मुबश्शीरनं बाटली पुढं केली. रुद्रनं टाकीवरून उपटून आणलेलं रोप दाखवलं. मॅडमनी शेंगेतलं बी आणि रोपावरचं टरफल भिंगाखाली धरलं. “एकच आहे. पाटील, तपासणीशिवाय परदेशातलं बी आणता येत नाही! आता शेंगा पोत्यात भरा, वेल मुळासकट काढून जाळा. आजच!”

“माझ्या वेलीला हात तर लावून पाहा!”

या खेपेला भागवत पुढं झाले. “पाटील, बाजूला व्हा.”

सगळा गाव कामाला लागला. पाटील ओसरीवर पाठ फिरवून बसले.

“तुमच्यामुळे हळद वाचली!” मॅडमनी तिघांची पाठ थोपटली. बाबाही शाबासकी द्यायला आले, तशी शिवकन्या मागं सरकली.

“आधी चाचांशी बोला, बाबा.”

भागवत मान खाली घालून चाचांसमोर गेले. “चुकलं माझं. शेळ्या आणा बांधावर.”

“आणीन,” चाचा म्हणाले. “पर त्या दिवशी तू मान डोलावलीस, भागवत. ते विसरायला टाइम लागंल.”

मग त्यांनी तिन्ही पोरांना जवळ ओढलं. “हे लेकरं मात्र बराबर निघाले!”