नुबोराच्या पोटातलं चित्र

शॉट संपला की नोबुए धावत जायची, नुबोराच्या रबरी पोशाखाची पाठीवरची चेन खाली ओढायची आणि भावाला काखेत धरून बाहेर काढायची. मग पोशाखाचे पाय उलटे करून आतला घाम बादलीत ओतायचा. सेतागायातल्या त्या स्टुडिओच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात हे रोजचंच होतं. थोरला भाऊ मोरिहिसा आत शिरून सिनेमातला राक्षस नुबोरा व्हायचा. रबर, फोम आणि भावाचा जीव, तिन्ही सांभाळणं नोबुएचं काम. आईवडील युद्धात गेल्यापासून त्या दोघांना दुसरं कुणी नव्हतं.

चेन पाठीला असते, ती आतून उघडता येत नाही. म्हणून शॉट चालू असताना नोबुए कुठेही जात नसे.

मुलांच्या मासिकात त्या काळी राक्षसांच्या पोटातलं चिरून दाखवणारी चित्रं यायची. आगीची पिशवी कुठे, विषाची नळी कुठे, सगळं नावासकट. नुबोरा अवकाशातून येतो, तर तिथे तो जगतो कसा, असं पोरांनी विचारून विचारून संपादकाला भंडावून सोडलं. चित्र काढायला बोलावलं कुवाहाता सरांना. सर शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दुसरा कुणी असता तर एक जादूची पिशवी काढून मोकळा झाला असता. सरांनी मात्र प्रश्न मनावर घेतला.

"सर, आत मी असतो तेवढं दाखवू नका म्हणजे झालं," मोरिहिसा बार्लीचा गार चहा पीत म्हणाला.

"तुला दाखवलं तर राक्षस चुटकीसरशी मरेल, बाबा. पोकळीत तुझ्या छातीतली हवा सुटून जाईल, अंगातलं पाणी उकळायला लागेल."

"आणि थंडी?"

"थंडीचं सगळे उगाच घेऊन बसतात. ऊब ओढून न्यायला तिथे असतं काय? तिथे जगायचं तर आतलं काहीही बाहेर जाता कामा नये. श्वास नको, घाम नको. तोंड उघडायचंच नाही."

सरांनी तसंच चित्र काढलं. फुप्फुसं नाहीत, घशाला बूच, कातडीला एकही छिद्र नाही. नोबुएला ते पाहून कसंसंच झालं. दिग्दर्शक इसोगाइ मात्र बेहद्द खूश.

"नोबुए, तोंड चिकटवून टाक. चित्रात आहे तसंच हवं. पोरं लगेच चूक काढतात."

"दादा तोंडातूनच श्वास घेतो, साहेब!"

"अहो, मी कागदावरच्या प्राण्याबद्दल बोलत होतो," सरही घाबरून म्हणाले.

"एवढ्याशा शॉटला काय होतंय?" मोरिहिसा हसला. "ही बया मला कापसात गुंडाळून ठेवेल. चिकटव गं."

नोबुएने तोंड चिकटवलं. पण कुणाच्या नकळत हनुवटीखाली दाभणाने बारीक भोकं पाडली.

शॉट झाला. तिने चेन ओढली, पाय उलटे केले. बादलीत थेंबही पडला नाही.

"बघ," मोरिहिसा म्हणाला. "उलट बरं वाटलं आत." त्याचा सदरा कोरडा होता. त्याने चहा मागितला नाही.

संध्याकाळी तिने हनुवटी पाहिली. भोकं बुजली होती. कुणी रबराचं सोल्युशन लावलं असतं तर वास आला असता, डाग दिसला असता. तिथे रबर एकसंध होतं. तिने पुन्हा दाभण घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मोरिहिसा जेवताना भाताचा गोळा नुसता हातात धरून बसू लागला. बोलायचा, पण वाक्याच्या मध्ये श्वासाला थांबायचा नाही. दमायचा नाही. शेडच्या बाकावर डोळे मिटून पडला असताना नोबुएने त्याच्या नाकाखाली बोटं धरली. बराच वेळ धरली.

बोटांना काहीच लागलं नाही.

"काय गं?" डोळे न उघडताच त्याने विचारलं.

ती तशीच सरांच्या घरी गेली.

"सर, चित्रात फुप्फुसं काढा."

"बाळ, मासिक पोरांच्या हातात गेलंय. त्यांना ते तोंडपाठ झालं असेल. आणि चित्राने का कुणाचं काही होतं?"

"मग येऊन त्याची नाडी बघा."

तिचा चेहरा पाहून सर उठले. शेडमध्ये पोचले तेव्हा मोरिहिसा पोशाखात शिरलेला होता आणि चेन लावलेली होती. नोबुए जागेवर नव्हती, तरी तिची वाट पाहिली गेली नव्हती. काळ्या मखमली पडद्यापुढे, दिव्यांच्या भगभगीत उजेडात नुबोरा उभा होता.

"किती वेळ आत आहे हा?" सरांनी विचारलं.

"नोबुए बाहेर पडली तेव्हापासून, दोन तास तरी," इसोगाइ म्हणाला. "बाहेर यायलाच तयार नाही. असा कामसू नट मिळत नाही हो."

सरांचा आवाज चढला. "काढा त्याला! आधी काढा!"

नोबुएने चेन धरली. धातूला आतून अशी ओढ होती की बोटं चिकटली. तिने जोर लावून ती थोडी खाली ओढली.

हवा आत गेली.

फुस्स करून, जोराने. तिच्या कपाळावरचे केस आत ओढले गेले. जमिनीवरचा भुसा उडाला आणि त्या फटीत शिरला. मखमली पडदा पुढे झुकला.

फटीत अंधार होता. पोशाखात मावणार नाही इतका.

"दादा!"

"बंद कर, नोबुए." आवाज खोलवरून आला, आणि तो त्याचाच होता. कळवळलेला. "हवा येतेय गं. भाजतंय."

"उघडा!" सर ओरडले.

"नोबुए, मरेन मी."

लहानपणी तापातसुद्धा त्याने असं कधी विनवलं नव्हतं. तिला रडू फुटलं.

तिने चेन वर ओढली. शेवटपर्यंत.

वारा थांबला. भुसा खाली बसला. सर खुर्चीत बसले. इसोगाइने आजचं काम संपल्याचं सांगितलं आणि माणसं एकमेकांकडे न पाहता निघून गेली.

माणसासकट तो पोशाख हलवायला चार जण लागत. नोबुएने तो एकटीने उचलला, उशी उचलावी तसा. गोदामात नेऊन हुकाला टांगला, शेपटीवरची धूळ पदरासारख्या आपल्या बाहीने पुसली.

"दादा, दिवा मालवू का?"

आतून उत्तर आलं नाही. आवाज बाहेर पोचायला मध्ये हवा लागते, एवढं आता तिला कळत होतं. ती वाट पाहत राहिली.

मग टांगलेल्या नुबोराने हळूच मान हलवली. हो.

तिने दिवा मालवला.