भरवसा मोजायला आलेली

लातूरच्या मोंढ्यातली ती दुपार आठवली, की सृष्टीला आजही एकटीलाच हसू फुटतं...

नांदेडहून एसटीनं आलेली ती पीएचडीची मुलगी. कामगारांचा मालकावर भरवसा किती, हे तिला मोजायचं होतं. प्रश्न परदेशात तयार झालेले, त्यांचं मराठी तिनं केलेलं. चन्नबसप्पांच्या आडत दुकानात शिरली, तर त्यांनी तिला थेट गादीवरच बसवलं, वर चहा! मुनीम, हमाल एकेक करून आले आणि झाडून सगळ्यांनी मालकाला पाचपैकी पाच दिले. सृष्टी हरखून गेली.

पायरीवर बसलेला मालकाचा मुलगा श्रीशैल मात्र गालातल्या गालात हसत होता.

"काय झालं हसायला?"

"मॅडम, मालकाच्या गादीवर बसून, मालकाचाच चहा पीत इचारल्यावर कमी कोण देईल? भरवसा कुठला, तुम्ही तर आमचा पाहुणचार मोजून राहिलात!"

अशी चिडली ती! पण परतीच्या एसटीत राग ओसरला, आणि पटलंही. पुढच्या खेपेला ती दुकानापासून लांब, हमालांच्या लिंबाखाली जाऊन बसली. विचारलं, "तुमच्या पोराला त्या दुकानात कामाला लावाल का?" आता माणसं डोकं खाजवायला लागली. कुणी हाव म्हणत मान डोलावली, कुणी तोंड फिरवलं. खरं बोलणं सुरू झालं.

मग खेपा वाढतच गेल्या. तुरीच्या धुरळ्यानं ती शिंकायची, श्रीशैल पाण्याचा तांब्या घेऊन धावायचा. नजरा भिडायच्या, चुकायच्या... काय दिवस होते ते!

काम संपत आलं, तेव्हा एकदा दुकानाच्या पायरीशी तिनं धीर केला. "मी... आवडते का तुम्हाला?"

"हाव की!"

तिचं मन खट्टू झालं. दारात आलेल्या कुणालाही हा गडी हावच म्हणायचा. यातलं प्रेम किती नि रीत किती, कसं कळावं? आणि घरी तर उत्तर द्यायचं होतं.

"पुण्याचं स्थळ आलंय मला," ती खाली बघत म्हणाली. "माणसं चांगली आहेत... होकार कळवू?"

"न्हाई!"

एवढ्या जोरात, की पोतं उचलणारे हमाल थबकले. श्रीशैलच्या कानाच्या पाळ्या लालेलाल. "म्हणजे... नका कळवू. मला लई... नका ना जाऊ तुम्ही."

गादीवरून चन्नबसप्पांनी चष्म्याच्या वरून दोघांकडे पाहिलं. फोन हातात घेतला.

"बाई, तुझ्या बाबांचा नंबर सांग."

आणि सृष्टीला काही केल्या बाबांचा नंबर आठवेना.