सात नंबरचा दगड

"सापडली! आजी सापडली!" शेजारचा भैरू पाण्याच्या टाकीजवळून ओरडला आणि कस्तुराचा जीव भांड्यात पडला.

तिची आजी गिरजाबाई टाकीच्या कट्ट्यावर बसली होती. सकाळी दूध आणायला निघालेली म्हातारी, आता दहा वाजत आले होते. किटलीतलं दूध नासलं होतं.

"आजी, अगं कुठे गेली होतीस?"

"कुठं जातेय बाई! आपल्या गल्लीचा सात लिहिलेला दगड बघून वळले, तर गल्लीच दुसरी!" आजीनं किटली बाजूला सारली. "साठीत आकडे शिकले. म्हाताऱ्यांच्या साक्षरता वर्गातल्या बाई म्हणायच्या, गिरजाबाईंचा सात बघा कसा झोकात! त्योबी डोक्यातनं गेला. आता हळूहळू समदंच जाणार. कस्तुरे, बापाला सांग, उद्याच्या एसटीत बसवून दे मला. गावात तरी वाट चुकायची न्हाई."

कस्तुराला रडूच कोसळलं. आजी शाळा सुरू होईपर्यंत राहणार होती! रोज संध्याकाळी दोघी मिळून पेपरातले आकडे वाचायच्या, आणि आजीचं एखादं बरोबर आलं की दोघींना सारखाच आनंद व्हायचा.

निगडीपलीकडच्या टेकडीवरची ही कामगारांची वसाहत नवीकोरी. तिचे रस्ते आखणाऱ्याला सरळ रेघेचं वावडं असावं! वळसे घेत सात गल्ल्या चढायच्या, घरं सगळी एका साच्यातली. पाट्या 'येणार, येणार' म्हणत दोन वर्षं गेली. तोवर कोपऱ्याकोपऱ्यावर चुना फासलेला एकेक दगड आणि त्यावर गल्लीचा नंबर. पाहुणे घामाघूम व्हायचे. पोस्टमन सायकल खालीच ठेवायचा. म्हणायचा, निदान ती तरी हरवू नये!

"आजी चुकलेली नाही," कस्तुरा डोळे पुसत म्हणाली. "दगडच चुकलाय!"

"दगड कसा चुकेल?" भैरूबरोबर आजीला शोधायला आलेला त्यांचा दोस्त ज्योतीराम हसला. पण तिचा चेहरा बघून त्यानं चष्मा सावरला. "बरं, चल. बघू तरी."

बघतात तर काय! सात नंबरचा दगड चक्क चौथ्या गल्लीच्या तोंडाशी! आणि सातव्या गल्लीच्या कोपऱ्यावर दोन नंबर!

भैरूनं दगड उलटा केला. "ह्ये बघा, काळं लागलंय. टायरचं हाय!"

संध्याकाळी तिघं टाकीच्या भिंतीआड दबा धरून बसले. एक ट्रक कण्हत कण्हत चढण चढला आणि थांबला. ड्रायव्हरनं खाली उडी मारली, इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यावरचा पांढरा दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला.

"आयला!" भैरू पुटपुटला. "कस्तुरे, ह्ये तर तुझे बाबा!"

कस्तुराला वाटलं, गप्प बसावं. दिवसभर चाकणच्या फेऱ्या करून बाबा थकून आले होते. पण घरात आजी गाठोडं बांधत होती. ती पुढे झाली.

"बाबा, हा दगड सकाळी परत जागेवर ठेवता ना?"

"कोण ठेवतंय? जागा मिळेल तिथं गाडी लावतो, आणि उतारावर दगड लावावाच लागतो, नाहीतर गाडी थेट हमरस्त्यावर. सकाळी गाडी काढली की पडतो तिथंच."

मग तो दुसऱ्या कोपऱ्यावर जातो कसा? त्याचाही छडा लागला, दुसऱ्या दिवशी सकाळी. ट्रक निघाला आणि पाठोपाठ वसाहतीचे सेक्रेटरी अण्णासाहेब फिरायला आले. "शिस्त म्हणून नाही!" असं म्हणत त्यांनी रस्त्यातला दगड उचलला आणि चालता चालता पुढे जो कोपरा लागला तिथे नीट मांडला.

"थांबा!" तिघं एकदम ओरडले.

"अण्णासाहेब, त्यावर काय लिहिलंय?" कस्तुरानं विचारलं.

अण्णासाहेबांनी खिशातून चष्मा काढला. "पाच."

"आणि ही गल्ली?"

"ती... तीन." अण्णासाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आजीला एसटीवर सोडायला कस्तुराचा बाप भीमराज ट्रक खाली उभा करून परत आला, तोवर सगळी वरात दारात हजर होती. कस्तुरानं एका दमात सगळं सांगितलं. भीमराज मटकन आईपुढे बसला.

"आई, तू बरोबरच वाचलं होतंस. चुकलं माझं."

"आणि माझंही," अण्णासाहेब म्हणाले. "आम्ही सगळे सवयीनं चालतो, गिरजाबाई. या वसाहतीत दगड वाचून चालणाऱ्या तुम्ही एकट्याच! आणि पोरांनो, दोन वर्षांत आम्हा मोठ्यांना दिसलं नाही ते तुम्ही एका दिवसात शोधलंत. शाब्बास!"

आजीनं कस्तुराकडे पाहिलं. "म्हंजे... मी इसरले न्हाई?"

"नाही गं आजी! एकही नाही!"

आजीनं पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरला. त्या दिवशीची एसटी आजीला न घेताच गेली. दुपारी सिमेंटचं घमेलं आलं, दगड कायमचे बसवायला. कुठला दगड कुठे, यावर मोठ्या माणसांची जुंपणार असं दिसताच आजी पदर खोचून मधोमध उभी राहिली.

"भांडू नका! सात हिकडं आणा," तिनं हुकूम सोडला, आणि भीमराजनं मुकाट्यानं दगड उचलला.