वत्सलाबाईंचं बोलपात्र

त्या वर्षी विद्यापीठात इंग्रजीच्या तासाला कोणीच डुलक्या घेत नव्हतं. प्रत्येक विद्यार्थी आपापलं बोलपात्र घडवत होता, म्हणजे डबीएवढ्या यंत्रातलं एक काल्पनिक माणूस. त्याला फक्त इंग्रजी कळे, आणि घडवणाऱ्याने सांगितलं तेवढंच ठाऊक असे. बाकीचं ते विचारत राही. कोणी दर्यावर्दी घडवला, कोणी चोर. शेवटी आपला तो बाब्या; त्याला उत्तर द्यायला पोरं शब्द धुंडाळत हिंडत.

मयूरी ढगेच्या आईला, वत्सलाबाईंना, हे काही पटेना. त्या तडक डॉ. गोसावींकडे गेल्या. बोलपात्राची कल्पना या गोसावी मॅडमचीच.

“मॅडम, पोरगी घरी ‘हं’ नाहीतर ‘हो’, एवढंच बोलते. त्या डबीशी मात्र तासन्‌तास. असं काय आहे हो तिच्यात?”

“अज्ञान,” मॅडम हसल्या. “आम्ही तिच्यात मुद्दाम पोकळी ठेवलीय. एक उत्तर मिळालं की त्यातूनच पुढचा प्रश्न तयार होतो. विचारणारं कोणी भेटलं की माणूस बोलतोच.”

“मग मलाही द्या एक.”

“इंग्रजी येतं तुम्हाला?”

“येईल की. विचारणारं असलं तर.”

वत्सलाबाईंनी बाहेरून प्रवेश घेतला. परीक्षा तोंडी होती: आपलं पात्र सगळ्यांसमोर बोलतं करायचं, मग ते पुसून डबी परत द्यायची. गंमत बघायला मयूरीही आली. डबीने सुरू होताच आपलं नाव सांगितलं आणि मयूरी चपापली. आईच्या पात्राचं नाव मयूरी होतं.

डबीने इंग्रजीत विचारलं, “आई, लग्नाआधी तू गायचीस. मग सोडलंस का?”

वत्सलाबाई अडखळत, क्रियापदं चुकवत सांगू लागल्या. अर्धवट राहिलेली गाण्याची परीक्षा, सासऱ्यांचा धाक, मोरीत नळ सोडून हळूच म्हटलेल्या चिजा. मयूरीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला रडू आलं, आणि लाजही वाटली.

“पैकीच्या पैकी!” मॅडम म्हणाल्या. “आता पात्र पुसायचं.”

वत्सलाबाईंनी डबी पोटाशी धरली.

“दे ती, आई,” मयूरी म्हणाली. “यापुढे मी विचारीन ना तुला.”

“विचार,” वत्सलाबाई आशेने म्हणाल्या.

मयूरीने तोंड उघडलं. आजवर ती आईला विचारत आली होती ते जेवायला काय आहे आणि इस्त्रीचे कपडे आले का, एवढंच. तिसरा प्रश्न तिला सुचेना. गोसावी मॅडम खाली बघू लागल्या.

तेवढ्यात डबीने विचारलं, “आई, तुझ्याशेजारी कोण आहे?”

वत्सलाबाई उत्तरासाठी इंग्रजी शब्द शोधू लागल्या.