वक्राचे टोक

चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘वारूळ’ या स्थानकाचा मुख्य संगणक स्फोटात जळाला, तेव्हा गणितासाठी एकच साधन उरले. ते म्हणजे पृथ्वीवरच्या मुलांना धडे देताना नलिनी गावित वापरत तो आलेखगणक. ब्राउझरमध्ये समीकरण लिहिले की वक्र उमटे आणि सरकपट्टी ओढली की तो हलू लागे.

बाहेर ‘टिटवी’ या छोट्या यानात त्यांची जुनी विद्यार्थिनी शर्वाणी एकटी अडकली होती. तिच्याकडे पन्नास मिनिटांचा प्राणवायू होता आणि इंजिन एकदाच पेटेल एवढे इंधन. ते कोणत्या क्षणी पेटवले तर टिटवी स्थानकापाशी पोहोचेल, हे शोधायचे होते.

पडद्यावर आडवा काळ होता, उभे टिटवीचे स्थानकापासूनचे अंतर; तळरेषा म्हणजे शून्य. यांत्रिक हात चालवणाऱ्या शाकीर मुजावरने इंजिन पेटवण्याचा क्षण सरकपट्टीवर घेतला आणि चित्र पळते केले. वक्र वळवळत खाली आला आणि तळरेषेच्या वरूनच माघारी फिरला. शाकीरने पुन्हा पळवले. पुन्हा तेच.

“दोन किलोमीटर. याहून जवळ येतच नाही, बाई. आणि माझ्या हाताची पोच पाच मीटर!”

“दोघंही गप्प का?” रेडिओवर शर्वाणी म्हणाली. “मी नापास झाले वाटतं?”

“थांब गं जरा.” नलिनीबाई पडद्याजवळ सरकल्या. “शाकीर, हे यंत्र वक्र काढत नाही रे. ठिपके मांडतं आणि जोडतं. चित्र पळतं ठेवायचं तर ठिपके कमी घेतं, नाहीतर ते अडखळेल. आत्ता वीस सेकंदांना एकच ठिपका पडतोय.”

“आणि दोन ठिपक्यांच्या मधलं?”

“तिथं सरळ रेघ मारून मोकळं होतं. खालचं टोक छाटलं जातं. थांबव चित्र.”

थांबलेल्या चित्राला घाई नसते. ठिपके दाट झाले. शाकीर बोटाने सरकपट्टी एकेक सेकंद पुढे नेऊ लागला. एका जागी टोक खाली उतरले आणि तळरेषेला टेकले.

“टेकलं!” शाकीर ओरडला. “शर्वाणी, आतापासून बरोबर तीन मिनिटांनी पेटव!”

तिने पेटवले. इंधन संपेपर्यंत इंजिन चालले. शाकीरने डोळे पुसत यांत्रिक हात बाहेर काढला.

“नेमका सेकंद सांगा, बाई. हात मिटून तिला पकडायला अकरा सेकंद लागतात.”

नलिनीबाईंनी टोक मोठे केले. शेकडो किलोमीटर मावावेत म्हणून उभा अक्ष दाबलेला होता, त्यामुळे उतार सौम्य वाटला होता. आता दोन्ही बाजू भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. त्यांनी आणखी मोठे केले. टोक तेवढेच अणकुचीदार राहिले.

“बाई? किती वेळ जवळ असेल ती?”

“ती रेंगाळत येणार असती, तर टोक बोथट असतं,” त्या हळूच म्हणाल्या. “पळत्या चित्रातसुद्धा दिसलं असतं. ते छाटलं गेलं, कारण ती सुसाट येतेय. आपण फक्त किती जवळ तेवढंच पाहिलं रे.”

शाकीरचे बोट यांत्रिक हाताच्या कळीवरून खाली आले.

“बाई,” रेडिओ खरखरला, “उतार किती आहे?”

नलिनीबाईंनी मुलांना कधी खोटे उत्तर दिले नव्हते. आज ते द्यावेसे वाटले.

“सेकंदाला तीनशे मीटर, बाळा.”



“म्हणजे हात मिटायच्या आत मी तीन किलोमीटर पुढे. बरोबर ना?”

“बरोबर.”

“पास, मग. आता दोघंही खिडकीशी या. किती जवळून जातेय मी! हात करते.”

ते खिडकीशी गेले. नलिनीबाईंनी काचेला तळवा लावला. वेळ झाली. डावीकडे एक ठिपका दिसला. मग उजवीकडे एक ठिपका दिसला. मधले काहीच दिसले नाही.