चार नंबरच्या बेडवरची नस

काचपट्टी फुटून बोट कापलं म्हणून प्रेमानंद लॅबमधून खाली इमर्जन्सीत आला, आणि ड्रेसिंग करायला नेमकी संघमित्रा समोर आली.

"लॅबवाल्यांचं रक्त बी लालच असते," ती म्हणाली.

"अन् इंटरकॉमवर भांडणाऱ्या सिस्टर त्या तुम्हीच. आवाज ओळखला मी."

"ब्लड कल्चर खराब झालं म्हणून रोज सांगता. भांडू नको तर काय?"

तो हसला. मग बोट तिच्या हातात तसंच राहू देत हळूच म्हणाला, "खरं सांगू? या महिन्यात तुमच्या सात बाटल्यांत रक्तातले नाही, कातडीवरचे जंतू निघाले. साती... चार नंबरच्या बेडच्या. बाकी बेडवर तुमचा हात एकदम साफ."

संघमित्रानं चार नंबरकडे पाहिलं नाही. तिचे बाबा, स्टील प्लांटमध्ये कामाला असलेले जानराव, आठ महिन्यांपूर्वी तापानं फणफणत त्याच बेडवर आले होते. रक्त तिनंच काढलं होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले. रिपोर्ट तिनं कधी उघडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रक्त कसं काढते ते प्रेमानंद पाहायलाच आला. चार नंबरवर जामुल गावच्या सिंधुताई होत्या. पडदा ओढताच आत जरा जास्तच गार वाटलं. संघमित्रानं कातडी पुसली, सुकेपर्यंत तीस आकडे मोजले, सुई घातली, बाटली भरली.

"सांगा, काय चुकलं?"

"सुकल्यावर नस पुन्हा चाचपली तुम्ही. डाव्या बोटानं."

"नाही चाचपली."

"चाचपली वं माय," सिंधुताई उशीवरूनच म्हणाल्या. "अन् 'बाबा, दुखते का' म्हणून राहिली होती."

संघमित्राला काहीच आठवत नव्हतं. ओठ हलल्याचंसुद्धा नाही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती म्हणाली, "बाबांच्या वेळी मात्र लावलं होतं बोट. आठवते मले. नस सापडत नव्हती... माझ्याच बोटाचे जंतू निघाले असतील. डॉक्टर त्याच्याच मागे लागले असतील, अन् खरा आजार—"

"जानराव मेश्राम? फॉर्मवर पेशंट अन् सिस्टर, दोघंही मेश्राम होते. त्या बाटल्या मीच तपासायला लावल्या होत्या," प्रेमानंद म्हणाला. "दोन्ही हातांच्या चारी बाटल्यांत एकच जंतू, तोही रात्रभरात. बोटाचा जंतू असा निघत नाही. तो त्यांच्या रक्तातलाच होता. औषध बी त्याच्यावरचंच मिळालं त्यांले. ताप फार पुढे गेला होता, बस."

"कावून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

ती परत आत जायला वळली.

"पुढच्या वेळी चार नंबरवर मले बोलाव," तो म्हणाला. "सुई आत जाईस्तोवर तुझा डावा हात मी धरतो."

"तुझा?"

"चुकलं. तुमचा."

"राहू दे आता..."

शुक्रवारी चार नंबरवर एक बेशुद्ध पेशंट आला. संघमित्रानं कातडी पुसली. प्रेमानंदनं तिचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. ती मोजू लागली. वीसवर तिचं बोट ओढ घेऊ लागलं. पलीकडून कुणी ते धरून बोलावत होतं जणू. ओढ त्यालाही जाणवली. त्याचा चेहरा उतरला, पण पकड ढिली झाली नाही.

"बाबा," ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "जाऊ द्या आता."

तीस. ओढ एकदम थांबली. सुई आत गेली.

"सोड न. बाटली धरायची आहे."

"सोडतो. पण... तुझ्यासाठी मागणं घालायचं तर कोणाले भेटू? बाबा तर—"

"आईले भेट. प्लांटची कॉलनी, सेक्टर दोन," संघमित्रा बाटलीकडे पाहत म्हणाली. "बाबांनी आत्ताच सोडला माझा हात."